फाइलसिस्टिमच्या स्वयंचलित चाचण्यांत मेमरी का संपते: या चुका टाळा

इंदूरच्या राजेंद्रनगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर चार अभियंत्यांचे छोटे कार्यालय आहे. साठवणुकीच्या उपकरणांसाठी लागणारे सॉफ्टवेअर ते लिहितात, आणि रोज रात्री ११ वाजता त्यांच्या चाचणीच्या यंत्रावर एक्सएफएस फाइलसिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या एका व्यवस्थेच्या, चाचण्या आपोआप सुरू होतात. शनिवार-रविवार यंत्र बंद असते. गेल्या पावसाळ्यात या चाचण्या सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी बिनबोभाट पार पडत आणि गुरुवारी रात्री अर्ध्यावर कोसळत. शुक्रवारी सकाळी यंत्र पुन्हा सुरू केले, की सारे सुरळीत होई. सलग तीन आठवडे असे झाल्यावर त्यांनी मला बोलावले. त्यांच्यातला सर्वांत धाकटा मला म्हणाला, “सर, दत्तगुरूंचा वार आहे, यंत्रही उपास धरतं.” थट्टा सोडली तर निरीक्षण अचूक होते, कारण बिघाड वाराशी नव्हे, तरी चौथ्या रात्रीशी नक्कीच बांधलेला होता.

यंत्राची मेमरी ८ जीबी होती आणि स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडल्यास डिस्कची जागा वापरण्याची सोय, मुद्दाम बंद ठेवलेला होता. चाचण्या पायटेस्ट या पायथॉनच्या चाचणी-चौकटीवर चालत होत्या. प्रत्येक रात्री ९०० एमबीची, पूर्ण भरलेली एक इमेज फाइल तयार होई, ती लूप डिव्हाइसवर (फाइलीलाच डिस्क म्हणून दाखवणाऱ्या सोयीवर) चढवून तिच्यावर काम होई आणि शेवटी चार प्रक्रिया एकाच वेळी तिची पडताळणीची बेरीज (चेकसम) तपासून पाहत. हीच स्क्रिप्ट त्याच यंत्रावर डेबियन या लिनक्सची १२ वी आवृत्ती असताना वर्षभर चालली होती; आता तेथे डेबियन १३ होते. या तपशिलात पुढचे सगळे उत्तर आहे. ते शोधताना त्या चौघांनी ज्या चुका केल्या, त्या मी स्वतः आणि इतर अनेकांनी कधी ना कधी केलेल्याच आहेत.

मेलेल्या प्रक्रियेला गुन्हेगार समजणे

मेमरी संपली की लिनक्स कर्नलमधला ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर एक प्रक्रिया निवडून मारतो. निवडताना तो मुख्यतः हे पाहतो, की कोणाला मारल्याने सर्वांत जास्त मेमरी मोकळी होईल, आणि त्यात प्रत्येक प्रक्रियेला दिलेली ओओएम स्कोअर अ‍ॅडजस्ट ही किंमत मिळवतो, जी उणे १००० ते १००० या मर्यादेत असते. मेमरी कोणी अडवून ठेवली, हा प्रश्न तो विचारतच नाही. त्यामुळे नोंदीत पायथॉन मारला गेल्याचे दिसले, म्हणजे पायथॉनमध्ये गळती आहे, असे होत नाही. या चौघांनी मात्र दोन आठवडे पायथॉनच्या आवृत्त्या बदलण्यात घालवले.

मारल्या गेलेल्या प्रक्रियेचा परतीचा आकडा (एक्झिट कोड) कवचात (शेलमध्ये) १३७ असा दिसतो, कारण १२८ मध्ये संकेत क्रमांक ९ मिळवला जातो; पायथॉनच्या सबप्रोसेसमध्ये तोच उणे ९ म्हणून येतो. चाचणीच्या अहवालात हा आकडा सरळ “चाचणी नापास” या सदरात जाऊ देणे ही वेगळी चूक आहे, कारण मग फाइलसिस्टिमचा दोष आणि यंत्राची दमछाक यांत फरक उरत नाही. कर्नलच्या नोंदीत काहीच आढळले नाही, तर सिस्टमडी या सेवा-व्यवस्थापकाच्या ओओएमडी या सेवेची नोंद पाहावी. ती सेवा चालू असल्यास कर्नलच्या आधीच एखादा गट मारून टाकते.

पेज आणि केबी यांची गल्लत

ओओएमच्या नोंदीत शेवटच्या ओळीतले आकडे केबीमध्ये असतात, परंतु वर जी प्रक्रियांची यादी येते तिच्यातले आरएसएसचे (प्रत्यक्ष व्यापलेल्या मेमरीचे) रकाने आणि सुरुवातीच्या एकूण मेमरीच्या गोषवाऱ्यातले आकडे पेजमध्ये, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, असतात, आणि आपल्या नेहमीच्या यंत्रांवर एक पेज ४ केबीचे असते. राजेंद्रनगरच्या नोंदीत एसएचमेम (सामायिक मेमरी) या नावापुढे ९ लाख २१ हजारांच्या आसपासचा आकडा होता. त्यांनी तो केबी समजून वाचला, तो ९०० एमबी निघाला, आणि आपली इमेज फाइल ९०० एमबीचीच असल्यामुळे सगळ्यांचे समाधान झाले. प्रत्यक्षात ते पेज होते, म्हणजे सुमारे ३.६ जीबी, म्हणजेच बरोबर चार इमेज फाइली. चुकीचे वाचन इतक्या नेमकेपणाने अपेक्षेशी जुळावे, हा योगायोग मला आजही अस्वस्थ करतो.

इमेज फाइल नकळत मेमरीतच ठेवणे

माझ्या पाहण्यात ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागडी चूक आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून तात्पुरत्या फाइलींची टीएमपी डिरेक्टरी आपोआप टीएमपीएफएसवर, म्हणजे मेमरीत, बसवली जाते आणि तिची मर्यादा एकूण मेमरीच्या निम्मी असते. फेडोरामध्ये ही पद्धत बरीच जुनी आहे. टीएमपीएफएसमधली फाइल पेज कॅशमध्येच (फाइलींचा मजकूर मेमरीत साठवण्याच्या जागेतच) राहते, पण साध्या कॅशप्रमाणे गरज पडल्यावर ती टाकून देता येत नाही. ती फार तर स्वॅपमध्ये ढकलता येते, आणि स्वॅप बंद असेल तर तेवढी मेमरी फाइल पुसेपर्यंत अडकलेलीच राहते. अशा वेळी ओओएम किलरने कितीही प्रक्रिया मारल्या, तरी फाइल जागच्या जागी राहते.

यात पायटेस्टची एक सवय येऊन मिळाली. टीएमपी पाथ या सोयीने तयार केलेल्या डिरेक्टऱ्या पायटेस्ट लगेच पुसत नाही. नंतर तपासता याव्यात म्हणून मागच्या तीन धावांच्या डिरेक्टऱ्या राखून ठेवतो. डिस्कवर हे सोयीचे असते. मेमरीत मात्र सोमवारची, मंगळवारची आणि बुधवारची इमेज गुरुवारच्या इमेजच्या शेजारी बसून राहिली. ८ जीबीतून कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या केसॅन या तपासनिसाची छायामेमरी एक अष्टमांश, म्हणजे १ जीबी, आधीच वजा होती. उरलेल्या ७ जीबीतून ३.६ जीबी इमेज फाइलींनी घेतले, राहिले ३.४ जीबी, आणि पडताळणी करणाऱ्या चार प्रक्रियांना हवे होते ३.६ जीबी. गुरुवारचे गूढ एवढेच होते.

हे ओळखायला फ्री या आज्ञेतला ‘शेअर्ड’ हा रकाना पुरेसा आहे, कारण टीएमपीएफएसमधल्या फाइली त्यातच मोजल्या जातात. चाचण्या चालू नसतानाही तो दिवसेंदिवस वाढत असेल, तर टीएमपीएफएसकडे पाहावे. डीएफ आज्ञेने टीएमपी डिरेक्टरी कोणत्या फाइलसिस्टिमवर आहे तेही कळते. उपाय म्हणून पायटेस्टला बेसटेम्प हा पर्याय देऊन, किंवा टीएमपीडीआयआर हे पर्यावरण चल बदलून, काम खऱ्या डिस्कवर हलवावे. पायटेस्ट ७.३ पासून राखून ठेवण्याची संख्या आणि धोरण दोन्ही ठरवता येतात. फक्त नापास चाचण्यांच्या डिरेक्टऱ्या राखणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. संपूर्ण यंत्रावरच टीएमपी डिस्कवर परत न्यायची असेल, तर सिस्टमडीचे टीएमपी माउंट हे युनिट मास्क करून यंत्र पुन्हा सुरू करावे.

फाइल पुसली म्हणजे मेमरी सुटली, हाही भ्रमच आहे. लूप डिव्हाइस जोडलेले असताना इमेज फाइल पुसली, तर नाव जाते आणि मेमरी तशीच राहते. माउंट काढताना आळशी पर्याय वापरण्याची सवय अशा अनाथ इमेज फाइलींची फौज उभी करते. लॉसेटअपच्या यादीत अशा फाइलीच्या नावापुढे ‘डिलीटेड’ असे लिहिलेले दिसते. चाचणी मध्येच मारली गेली तरी माउंट काढणे आणि लूप सोडवणे ही कामे झालीच पाहिजेत, म्हणून ती चाचणीच्या शेवटच्या ओळींत न ठेवता पायटेस्टच्या फिक्श्चरमध्ये किंवा कवचाच्या ट्रॅपमध्ये ठेवावीत. आणि खुद्द पायटेस्टच मारला गेला, तर तेही चालत नाही, हे ध्यानात घेऊन पुढच्या धावेच्या आरंभी मागचे अवशेष झाडून काढावेत. लूपची इमेज डिस्कवर असेल तेव्हा डायरेक्ट आयओ चालू केल्यास तोच मजकूर दोनदा कॅशमध्ये साठत नाही.

चाचणीसाठी एससीएसआय डिबग हे खोटे उपकरण वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की त्याला सांगितलेले आकारमान मॉड्यूल चढवतानाच मेमरीतून घेतले जाते.

सगळे एकदम वाचणे

पडताळणीच्या चार प्रक्रियांना ३.६ जीबी लागत होते, कारण प्रत्येक प्रक्रिया फाइल उघडून रीड या एकाच हाकेने संपूर्ण ९०० एमबी ओढून घेत होती. १ एमबीच्या तुकड्यांनी वाचले असते, तर चौघींना मिळून काही एमबी पुरले असते, पायथॉन ३.११ पासून हॅशलिबमध्ये फाइल डायजेस्ट ही तयार सोय आहे. हीच चूक आज्ञांचा मजकूर पकडताना होते. फाइलसिस्टिमला ताण देणाऱ्या एफएसस्ट्रेस या साधनाला बोलके करून त्याचा सारा मजकूर सबप्रोसेसच्या कॅप्चरमध्ये घेतला, तर तो शेवटपर्यंत मेमरीत साठतो. तो सरळ फाइलीत वळवावा, अर्थात ती फाइलही टीएमपीएफएसवर नसावी.

कॅशला गळती म्हणणे, आणि गळतीला कॅश

फ्रीच्या आज्ञेत ‘फ्री’ हा रकाना लहान दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’. लाखो लहान फाइली तयार करणाऱ्या चाचणीनंतर आयनोड आणि डेंट्री (फाइलींच्या आणि त्यांच्या नावांच्या नोंदी) यांचा स्लॅब, म्हणजे कर्नलच्या छोट्या वस्तूंची मेमरी, फुगणे स्वाभाविक आहे, आणि त्याचा परत घेता येण्याजोगा भाग मेमइन्फोमध्ये वेगळा दाखवलेला असतो. प्रत्येक चाचणीनंतर कॅश सोडवण्यासाठी ड्रॉप कॅशेसमध्ये ३ लिहिण्याची प्रथा मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तिने टीएमपीएफएस सुटत नाही, डिस्कवर अजून न लिहिलेली पेजही सुटत नाहीत. उलट मेमरीच्या ताणाखाली फाइलसिस्टिम कशी वागते, हे तपासण्याची संधी मात्र जाते.

खरी गळती शोधायची असेल, तर एकच चाचणी पन्नास वेळा चालवून, दर खेपेनंतर कॅश सोडून, परत न मिळणाऱ्या स्लॅबचा आकडा टिपावा. येथे कॅश सोडणे योग्य आहे, कारण उद्देश मोजमापाचा आहे. आकडा पायरीपायरीने चढत असेल, तर स्लॅबटॉपमध्ये कोणती पेटी फुगते ते पाहावे आणि मग केमेमलीक हे कर्नलचे गळती शोधणारे साधन चालू करावे. फाइलसिस्टिमचे मॉड्यूल उतरवून पाहणे हाही जुना आणि भरवशाचा उपाय आहे. आपल्या वस्तू मागे राहिल्या असतील, तर कर्नल तशी तक्रार करतो.

दुरुस्तीच्या साधनांना मोकळे सोडणे

एक्सएफएस रिपेअर आपली अंतर्गत कॅश यंत्राच्या मेमरीच्या सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत वाढू देते. एकट्याने चालताना हे ठीक असते. दोन दुरुस्त्या समांतर चालवल्या, की प्रत्येकीला वाटते तीन चतुर्थांश घर आपलेच. एम या पर्यायाने एमबीमध्ये मर्यादा देता येते, पण ती अंदाजे पाळली जाते, म्हणून थोडा पदर सोडून द्यावी. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमच्या चेकला लोमेम ही कमी मेमरीची पद्धत आहे; ती बरीच संथ आहे, तेव्हा रात्रीचे वेळापत्रक तिच्याप्रमाणे आखावे.

मर्यादा न घालता मेमरी वाढवणे

राजेंद्रनगरच्या चौघांनी माझ्या आधी १६ जीबीच्या पट्टीची चौकशी केली होती. पट्टी आणली असती, तर टीएमपीएफएसची मर्यादाही ८ जीबी झाली असती, गुरुवार सुखरूप गेला असता आणि इमेज फाइलीचा आकार वाढवल्यावर तोच बिघाड पुन्हा उगवला असता. त्याऐवजी प्रत्येक चाचणी सिस्टमडी रनच्या स्वतंत्र स्कोपमध्ये (प्रक्रियांच्या गटात), मेमरी मॅक्स ही मर्यादा घालून चालवावी. मग ओओएम त्या गटापुरता राहतो आणि गटाच्या मेमरी इव्हेंट्स या फाइलीतला ओओएम किल हा आकडा पाहून निकालात “मेमरी अपुरी” असा वेगळा शेरा मारता येतो. एक्सएफएसटेस्ट्स या फाइलसिस्टिम-चाचण्यांच्या संचाची चेक ही स्क्रिप्ट सिस्टमडी असलेल्या यंत्रावर प्रत्येक चाचणीला वेगळा स्कोप देते, स्वतःचा ओओएम गुण खाली आणते आणि चाचणीचा वर चढवते, म्हणजे मारायचीच वेळ आली तर चाचणी मरते आणि सूत्रधार उरतो. स्वतःची चौकट लिहिणाऱ्यांनी निदान एवढे तरी तिच्याकडून उचलावे. या गटाच्या हिशेबात पेज कॅश आणि टीएमपीएफएसही धरले जातात. मात्र कॅश मर्यादेपाशी आल्यावर कर्नल ती आवरू शकतो, टीएमपीएफएस नाही.

तेथे आता इमेज फाइली डिस्कवर आहेत, वाचन तुकड्यांनी होते आणि प्रत्येक चाचणीला २ जीबीची मर्यादा आहे. मर्यादा घातल्यावर एक चाचणी मात्र रोज तिला धडकू लागली. तीत फार मोठ्या संख्येने आयनोड तयार करून एक्सएफएस रिपेअर चालवले जाते आणि तिची गरज खरीच आहे. तिला त्यांनी वेगळ्या गटात, शुक्रवारी रात्री एकटीने आणि ५ जीबीच्या मर्यादेत चालवायचे ठरवले, आणि वगळलेल्या चाचण्यांच्या यादीत तिच्या नावापुढे कारण व तारीख लिहून ठेवली.