जोडपे आणि कुटुंब यांच्यासोबत काम शिकण्यासाठी अभ्यासगट कसा चालवावा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन समुपदेशन सुरू केलेल्या बहुतेकांना एका व्यक्तीशी कसे बोलावे हे शिकवलेले असते. नवरा, बायको आणि सासूबाई एकदमच समोर येऊन बसले म्हणजे काय करावे, याचा सराव मात्र फारसा झालेला नसतो. एखाद्या कार्यशाळेच्या प्रमाणपत्राने ही उणीव भरून निघत नाही. त्यापेक्षा तीन-चार सहकाऱ्यांनी पंधरवड्यातून एकदा जमून स्वतःचेच काम तपासावे. असा गट पुढे लहानसे संशोधनही करू शकतो. या क्षेत्रात उपचार आणि अभ्यास आरंभापासून हातात हात घालूनच चालले आहेत. मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी १९५४ ते १९५९ या काळात अमेरिकेतील बेथेस्डा येथे रुग्णांसोबत त्यांच्या कुटुंबीयांनाही रुग्णालयात राहायला आणून त्यांचे निरीक्षण केले, तर आपल्याकडे अमृतसरला डॉ. विद्या सागर यांनी १९५०च्या दशकात मनोरुग्णांच्या नातलगांना आवारातील तंबूंत ठेवून उपचारांत सामील करून घेतले.

गटाची बैठक ठाणे-वाशी मार्गावरील एखाद्या स्थानकाजवळ ठेवली तर दोन्हीकडच्या मंडळींना सोयीचे पडते. कुटुंबांच्या भेटी शक्यतो शनिवारी किंवा रविवारी ठेवाव्यात, कारण कामावरून रात्री नऊला घरी पोहोचणारा माणूस मधल्या वारी आलाच तर घड्याळाकडे पाहत बसतो.

एकत्र भेटीआधी जोडप्यातील दोघांनाही स्वतंत्रपणे भेटून घरात मारहाण, धमकी किंवा कोंडून ठेवणे असे काही घडते का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. तसे असल्यास एकत्र भेट लांबणीवर टाकावी, कारण भेटीत बोललेल्या वाक्याची शिक्षा घरी गेल्यावर भोगावी लागू शकते. अशा वेळी २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्यातील संरक्षण अधिकाऱ्याची माहिती समुपदेशकाजवळ तयार हवी.

त्यानंतर तीन पिढ्यांचा जेनोग्राम, म्हणजे नात्यांच्या खुणांसह कुटुंबाचा नकाशा, काढावा. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ आणि तणावाच्या नात्यासाठी नागमोडी रेघ एवढ्या खुणा सुरुवातीला पुरतात. आपल्याकडे त्यात एक भर घालावी असे मला वाटते: गावच्या घराशी असलेला पैशाचा आणि सणावारांचा संबंध वेगळ्या रंगाने दाखवावा. कोपरखैरण्यातील दोन खोल्यांच्या घरात चाललेल्या भांडणाचे मूळ पुष्कळदा साताऱ्याच्या जमिनीत सापडते.

प्रशिक्षणाचा खरा गाभा ध्वनिमुद्रणात आहे. सर्वांची लेखी संमती घेऊन एका भेटीतील फक्त दहा मिनिटे शब्दशः उतरवावीत, आणि कोण बोलले, कोणाला उद्देशून बोलले व त्यानंतर लगेच कोण बोलले, असे तीन रकाने आखावेत. मी पहिल्यांदा असे केले तेव्हा दहापैकी सहा मिनिटे मीच बोलत होते, आणि सुनेने तोंड उघडले की तिचे वाक्य पुरे होण्याआधी मुलगा आईची बाजू समजावू लागत होता. भेटीत बसलेली असताना यातले काहीही माझ्या ध्यानात आले नव्हते.

इटलीतील मिलानच्या कुटुंबोपचारकांच्या गटाने १९८०च्या लेखात मांडलेले वर्तुळाकार प्रश्नही याच उताऱ्यावर घासून पाहावेत. 'तुम्हाला राग का येतो?' असे विचारण्याऐवजी तिसऱ्याला विचारावे, 'आई आणि वहिनी बोलेनाशा झाल्या की घरात सगळ्यांत आधी कोणाच्या लक्षात येते, आणि मग ते काय करतात?' तसेच नॉर्वेचे मनोविकारतज्ज्ञ टॉम अँडरसन यांनी १९८७ साली मांडलेल्या पद्धतीप्रमाणे गटातील दोघांनी कुटुंबासमोरच, पण आपसांत, आपल्याला काय ऐकू आले ते बोलावे. त्यासाठी एकतर्फी आरशाची, म्हणजे पलीकडून न दिसता पाहता येणारी, खोली लागत नाही. कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या पुरेशा असतात. त्यांनी निकाल देऊ नये, 'मला असे वाटून गेले' इतक्याच बेताने बोलावे.

मोजमापासाठी ग्रॅहम स्पॅनियर यांची जोडप्याचे एकमेकांशी कितपत जुळते हे मोजणारी १९७६ची ३२ प्रश्नांची श्रेणी बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. ती वापरायची तर परवानगी घ्यावी, एकाने मराठी भाषांतर करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत आणावे, आणि मग पाच-सहा जोडप्यांना प्रत्येक प्रश्नाचा काय अर्थ लागला हे विचारावे. ही शेवटची पायरी गाळू नये. 'तुमची किती वेळा भांडणे होतात?' याला 'कधीच नाही' असे उत्तर देणाऱ्या जोडप्यात तीन आठवड्यांचा अबोला असू शकतो, आणि अबोल्याला ते भांडण समजत नाहीत. म्हणून अबोला किती दिवस चालतो, तो कोण मोडते आणि निरोप कोणामार्फत जातात, हे प्रश्न स्वतंत्रपणे जोडावेत. पण त्यांचे गुण मूळ श्रेणीच्या बेरजेत मिसळू नयेत. निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा विचार असेल तर नीतिसमितीची मान्यता माहिती गोळा करण्याआधीच मिळवावी लागते.

ध्वनिमुद्रणाच्या मोबाइलमधील आपोआप साठवण बंद ठेवावी आणि उतारा तयार झाला की मूळ फाइल पुसून टाकावी. एकट्याने फोन करून सांगितलेली गोष्ट जोडीदारापासून लपवली जाईल की नाही, हा नियम पहिल्याच एकत्र भेटीत सर्वांसमोर सांगावा. फोन आल्यावर सांगितला तर तो फोन करणाऱ्याला आपल्याविरुद्धच काढल्यासारखा वाटतो.