अमेरिकेच्या एअरपोर्टवर 'मेक्सिकन' समजून बाजूला काढलं तर काय करायचं (खास बडोदेकरांसाठी)

दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, कुठेही विचारा, कोणाचा तरी मुलगा जर्सीला नाहीतर कोणाची मुलगी टेक्ससला असतेच. आई-बाबा पहिल्यांदा तिकडे निघाले की सगळे सल्ले लोणचं गळू नये म्हणून किती पिशव्या लावायच्या आणि भाकरवडी चालते का यावरच संपतात, लाइनमधून बाजूला काढलं तर काय बोलायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

तिकडे आपला गव्हाळ रंग आणि काळे केस बघून लोक पुष्कळदा सरळ स्पॅनिशमध्येच सुरू होतात. दुकानात झालं तर हसायचं आणि सोडायचं. पण वर्दीतल्या माणसाच्या डोक्यात 'लॅटिनो (म्हणजे मेक्सिको आणि त्याखालच्या स्पॅनिश-पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांकडचा) म्हणजे कागद नसलेला नाहीतर ड्रग्ज आणणारा' असं बसलेलं असेल तर त्याचा ताप त्या लोकांना होतोच, आणि कधीकधी आपल्यालाही. हे मनाचे खेळ नाहीत हं. न्यू जर्सीतल्या नेवार्क एअरपोर्टला आपले कितीतरी लोक उतरतात ना, तिथल्या टीएसएच्या, म्हणजे एअरपोर्टवर सुरक्षा तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याच्या, काही ऑफिसरांबद्दल २०११ मध्ये बातमी फुटली की प्रवाशांचे हावभाव ओळखायच्या नावाखाली ते मेक्सिकन आणि डॉमिनिकन लोकांनाच वेचून काढायचे, त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांचं नाव 'मेक्सिकन हंटर्स' ठेवलं होतं. पुढच्या वर्षी बॉस्टनच्या लोगन एअरपोर्टवरच्या ३० पेक्षा जास्त ऑफिसरांनी स्वतःच तक्रार केली की आपल्याकडे लॅटिनो, काळे आणि मध्यपूर्वेतले प्रवासी असेच निवडले जातात. २०१३ मध्ये त्यांच्या सरकारी ऑडिटवाल्यांनी सांगितलं की हावभावावरून धोकादायक माणूस ओळखता येतो याला धड पुरावाच नाही.

कायदा काय म्हणतो? १९७५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने मेक्सिकन बॉर्डरजवळच्या एका केसमध्ये सांगितलं की नुसता मेक्सिकन दिसतो म्हणून गाडी थांबवता येणार नाही, पण बाकी कारणांच्या जोडीला दिसणंही धरता येईल. म्हणजे दार लोटलं पण कडी लावली नाही.

आता कामाचं. पहिलं म्हणजे समोर कोण उभा आहे ते ओळखा, अर्धा गोंधळ इथेच होतो. उतरल्यावर पासपोर्ट बघतो तो सीबीपीचा ऑफिसर, म्हणजे इमिग्रेशन आणि कस्टम, आत सोडायचं की नाही ते तो ठरवतो. निळ्या शर्टातले टीएसएवाले फक्त बॅगा आणि अंग तपासतात, विमानात चढायच्या आधी, तुमच्या व्हिसाचं ते काही ठरवत नाहीत. आणि गेटवरचा तो एअरलाइनचा माणूस, सरकारी नव्हे. अहमदाबादहून अबू धाबीमार्गे जात असाल तर सीबीपीवाले तिथेच भेटतात, नापास झालात तर अमेरिकेचं विमानच मिळत नाही, म्हणून तिथे अर्धवट झोपेत लाइनीत उभं राहू नका.

सीबीपीने 'सेकंडरी'ला पाठवलं, म्हणजे आतल्या खोलीत बसवलं, तर ती अटक नाही. पुष्कळदा कारण नावाचं असतं. लॅटिनो लोक वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं लावतात, तिकिटावर एकच येतं आणि गार्सिया नाहीतर हर्नांडेझ तर हजारोंनी. आपल्याकडे कोणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, मग व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) छापून येतं, कोणाचं 'राव' एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही. हे निघायच्या आधी बडोद्यात बसून जुळवून घ्या.

आत विचारतात ते साधंच, कुठे राहणार, कोणाकडे, परत कधी, पैसे कोण देणार. खरं, छोटं आणि विचारलं तेवढंच सांगा, आपल्या काकांना सवय असते ना प्रस्तावनेपासून सुरू करायची, ती नको. भेटायला जात असाल तर 'भेटायला' म्हणा, 'नातवाला सांभाळायला आलोय' हे त्यांना नोकरी वाटू शकतं. इंग्रजी कळत नसेल तर मान डोलवू नका, दुभाषा मागा, हिंदी, गुजराती, मराठी जी येते ती सांगा. त्या खोलीत व्हिजिटरला वकील मागायचा हक्क सहसा नसतो, फोनही बघू शकतात, हे कडू आहे पण माहीत असलेलं बरं. परत पाठवायचीच वेळ आली तर स्वतःहून प्रवेशाचा अर्ज मागे घ्यायची परवानगी मागून बघा, देणं न देणं त्यांच्या हातात, पण मिळाली तर त्यांच्या हुकुमाने बाहेर काढलं की जी ५ वर्षांची बंदी लागते ती टळते.

ग्रीन कार्डवाल्या आई-बाबांनी एक फॉर्म नंबर पाठच करा, आय-४०७. वर्षातले बरेच महिने बडोद्यात काढून परतलेल्या म्हाताऱ्या माणसांपुढे तो ठेवला जातो, सही केली की ग्रीन कार्ड सोडलं. ती सही मर्जीची असते. नाही म्हणा आणि इमिग्रेशन जजपुढे सुनावणी मागा, वाचल्याशिवाय कशावरच सही नको.

आणि एक वाक्य तोंडातून काढायचं नाही, 'आम्ही मेक्सिकन नाही, आम्ही इंडियन, आम्ही तसले नाही.' मला तर हे ऐकूनच चीड येते. एकतर ऑफिसरला फरक पडत नाही, पासपोर्ट त्याच्या हातातच आहे, आणि दुसरं म्हणजे मेक्सिकन असणं हा गुन्हा असल्याचं तुम्हीच कबूल करून मोकळे होता, शेजारच्या खुर्चीवर जो बसलाय तो कदाचित जन्माने अमेरिकन असेल आणि तरी आडनावापायी तासभर खोळंबला असेल.

टीएसएच्या तपासणीत साडीवाल्यांना जास्त हात लागतो, सैल कपडा म्हणून. २०१० मध्ये तर मिसिसिपीतल्या जॅक्सनला आपल्या राजदूत मीरा शंकर यांनाच साडीत असताना बाजूला काढून अंग तपासलं होतं, म्हणजे पदाबिदाचा उपयोग नाही. बाईने बाईकडूनच तपासणी मागायची, आडोशाला मागायची आणि सोबत घरचं माणूस साक्षीला न्यायचं, हे तिन्ही मिळतं, मागावं मात्र लागतं. बोर्डिंग पासवर 'एसएसएसएस' छापून आलं तर जादा तपासणी ठरलेलीच, लवकर पोचा. दरवेळी तेच होत असेल तर 'डीएचएस ट्रिप'वर, म्हणजे अशा तक्रारींसाठीच्या त्यांच्या सरकारी सोयीवर, ऑनलाइन अर्ज करा, २००७ पासून आहे, त्यातून रिड्रेस नंबर मिळतो आणि तो पुढच्या तिकिटात टाकायचा. नावाच्या गोंधळावर याचा खरा उपयोग होतो, ऑफिसरच्या नजरेवर मात्र नाही.

कोणी वाकडं बोललं तर तिथे भांडू नका, सुपरवायझर मागा. टीएसएच्या चेकपॉइंटवर कामात अडथळा न आणता आणि मशिनचा स्क्रीन न घेता व्हिडिओ काढता येतो, इमिग्रेशनच्या हॉलमध्ये मात्र फोन बाहेर काढायचाच नाही. बॅजवरचं नाव किंवा नंबर, वेळ, गेट, नेमके शब्द हे बाहेर आल्याआल्या स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा, घरी जाऊन जेवून मग लिहू म्हटलं की अर्धं विसरतं. तपासणीची तक्रार टीएसएच्या सिव्हिल राइट्सवाल्यांकडे. एअरलाइनने वंश, रंग, धर्म, देश यावरून उतरवलं किंवा चढू दिलं नाही तर तक्रार अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन खात्याकडे. पायलटला सुरक्षेसाठी कोणालाही नाकारता येतं हे खरं, पण 'सहप्रवाशाला भीती वाटली' एवढ्यावर ते भागत नाही.

आता जरा आपल्याबद्दल. आपल्या आज्या सरसकट व्हीलचेअर लावतात, आणि ती ढकलणारा माणूस पुष्कळदा एल साल्वादोर नाहीतर डॉमिनिकन रिपब्लिककडचा निघतो. हे लोक कॉन्ट्रॅक्टवाल्या कंपनीकडे कमी पगारावर असतात. व्हीलचेअर फुकट असते हे बरोबर, पण टिप द्यायची तिथे रीत आहे, सुटे डॉलर पर्समध्ये वेगळे ठेवा. आणि गुजरातीत नाहीतर मराठीत 'बॅगेवर लक्ष ठेव गं, हे लोक असलेच' असं त्याच्या डोक्यावर बोलायचं नाही, सूर सगळ्यांना कळतो. या लोकांनी काय काय काढलंय बघा, २००१ च्या हल्ल्यांनंतर एअरपोर्ट कामगारांवर धाडी पडल्या, सॉल्ट लेक सिटीला त्याच डिसेंबरमध्ये, पकडलेले बहुतेक लॅटिनो, साफसफाईवाले, किचनमधले, दहशतवादाशी कोणाचा संबंध निघाला नाही पण नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने तपासणीच्या नोकरीला सिटिझनशिप लागायला लागली आणि ग्रीन कार्डवर ते काम करणारे फिलिपिनो, लॅटिनोही घरी बसले.

ज्यांची मुलं तिकडे एअरपोर्टवरच्या दुकानात किंवा कॅफेत कामाला आहेत त्यांच्यासाठी. मॅनेजर म्हणाला की कामावर फक्त इंग्रजी, ब्रेकमध्येसुद्धा स्पॅनिश किंवा गुजराती बोलायचं नाही, तर असा चोवीस तासांचा सरसकट नियम १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याखाली भेदभाव धरला जातो, कामाच्या गरजेपुरता नियम करता येतो, तोही आधी सांगून. तक्रार ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याकडे, करायची, मुदत १८० दिवस, राज्याचंही तसलं खातं असेल तर ३००. त्यामुळे 'आत्ता नवरात्री होऊन जाऊ दे, मग बघू' नको, कारण दिवस घटना घडली त्या तारखेपासून मोजतात.