पुण्याच्या थंडीत कुत्र्याला बाहेर ठेवताना

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा काही पहाटे १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. हस्की आणि जर्मन शेफर्ड यांच्या राठ केसांखाली मऊ लोकरीसारखा दुसरा थर असल्यामुळे त्यांना ही थंडी सहज सोसते. किंबहुना हस्कीची खरी परीक्षा एप्रिलच्या उन्हात होते. याउलट कारवान आणि डॉबरमन सडपातळ व आखूड केसांचे असतात, तर चिवावासारख्या इवल्याशा कुत्र्याची उष्णता वजनाच्या मानाने फार लवकर निघून जाते, म्हणून त्यांना रात्री घरातच घ्यावे. पिल्ले, म्हातारी आणि सांधेदुखी असलेली कुत्री कोणत्याही जातीची असोत, त्यांनाही हाच नियम लावावा.

कुत्रा अंगणात झोपणारच असेल, तर थंड फरशी हा त्याचा मोठा शत्रू समजावा. चार बोटे उंच लाकडी फळी ठेवून तिच्यावर भाताचा कोरडा पेंढा जाड पसरावा आणि वाऱ्याची बाजू झाकावी. जुनी चादर दवाने भिजली की उलट अंग गार करते, तेव्हा ती रोज वाळवावी. सोसायटीच्या फाटकापाशी झोपणाऱ्या गावठी कुत्र्यांसाठीही आडोशाला कोरडे गोणपाट अवश्य टाकावे. ती काटक असली, तरी गारठा त्यांनाही लागतो.

थरथर, एकेक पाय उचलून धरणे आणि अंगाचे मुटकुळे करणे दिसताच कुत्र्याला आत आणून पुसून कोरडे करावे. थरथर थांबूनही तो सुस्त राहिला, किंवा गुदद्वारातून मोजलेले तापमान ३७ अंशांखाली असले, तर त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून तत्काळ पशुवैद्यांकडे न्यावे.