वकिलीची वाट मोकळी करणाऱ्यांचा सत्कार कसा करावा

धुळे-नंदुरबारमध्ये लोकांना कोर्टापर्यंत पोचवणारे वकील आणि कार्यकर्ते, तसंच वकिली शिकणारे विद्यार्थी यांचा सत्कार करायचा असेल, तर हॉल ठरवण्याआधी निवड समितीची माणसं ठरवा. समिती पाच जणांची पुरे: वकील संघातले दोघे (त्यात एक महिला वकील असावीच), विधी महाविद्यालयाचे एक प्राध्यापक आणि गावपातळीवर काम करणारे दोघे. नंदुरबारात त्यांतल्या एकाला तरी भिलोरी किंवा पावरी ही आदिवासी बोली यायला हवी. नाहीतर धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची नावं समितीपर्यंत येतच नाहीत आणि शाल दरवर्षी शहरातल्या ओळखीच्या खांद्यांवरच पडते.

कार्यकर्त्याचं नाव सुचवणाऱ्याकडे कागद मागा. वनहक्काचे दावे भरून देणारा असेल तर ग्रामसभेचा ठराव किंवा दाव्यांच्या पोचपावत्या; डाकीण ठरवून छळलेल्या बाईच्या पाठीशी उभी राहिलेली असेल तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखालच्या तक्रारीची प्रत. पदांची यादी बाजूला ठेवा. त्या माणसामुळे कोण कोर्टाची पायरी चढू शकलं, ते पाहा.

विद्यार्थ्यांना फक्त गुणांवर निवडलं तर घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलगी मागे पडते. शंभरातले ४० गुण परीक्षेला, ४० विधी सेवा शिबिरांतल्या कामाला आणि २० परिस्थितीला द्या. पण ती परिस्थिती व्यासपीठावर वाचून दाखवू नका. तो तिच्या घराचा मामला आहे.

मानपत्राला सगळ्यात जास्त वेळ द्या. १२० शब्द पुरेत. विशेषणं कमी, काम जास्त. छापण्याआधी आठ दिवस मसुदा त्या व्यक्तीला दाखवा, कारण वसावे, वळवी, पाडवी अशा आडनावांत आणि पाड्यांच्या नावांत हमखास चूक होते. लैंगिक अत्याचाराच्या खटल्याचा उल्लेख असेल तर पीडितेची ओळख पटेल असं काहीही नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार तो गुन्हा आहे. फ्लेक्सवर वकिलांचे मोबाइल नंबर किंवा ‘अमुक खटल्यांचे तज्ज्ञ’ असं छापू नका. बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांत वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि अडचणीत येतो तो सत्कारमूर्तीच.

तारीख २६ नोव्हेंबर, संविधान दिनाची, सुचते खरी. पण दिवाळीनंतर नंदुरबारची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. आईबाप हवे असतील तर दिवाळीआधीचा रविवार धरा. धुळ्यात ३१ जुलै शोभतो: १९३७ साली त्या दिवशी डॉ. आंबेडकर खटल्यासाठी धुळ्यात आले होते. मात्र ते तेव्हा जिथे उतरले होते, त्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्या दिवशी मोठी गर्दी असते, म्हणून कार्यक्रम दुपारी ठेवा. नंदुरबारच्या कार्यक्रमाला सातपुड्यातून लोक येणार असतील तर सकाळी अकराला सुरू करून दीडला संपवा, आणि येण्याजाण्याचं भाडं त्याच दिवशी हातात द्या.

शाल-श्रीफळ असू द्या, पण विद्यार्थ्याला कामाचं काही मिळालं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर सनदेची (वकिलीच्या परवान्याची) नोंदणी फी खुल्या वर्गाला ७५०, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. खरा खर्च त्यापुढे असतो: गाऊन, गळ्याशी लावायचे दोन पांढरे बँड, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तिन्ही नव्या फौजदारी कायद्यांच्या मराठी प्रती. याहून मोलाचं म्हणजे एखाद्या ज्येष्ठ वकिलाचं लेखी आश्वासन: सहा महिने ऑफिसात जागा आणि दरमहा मानधन. ग्रामीण भागातल्या ज्युनिअरला किमान १५,००० रुपये द्यावेत, अशी बार कौन्सिल ऑफ इंडियाची २०२४ ची शिफारस आहे. तालुक्याच्या कोर्टात एका वकिलाला ते झेपत नसेल तर वकील संघाने वर्गणीतून भर घालावी. हे आश्वासन कार्यक्रमातच वाचून दाखवा आणि तिसऱ्या महिन्यात समितीतल्या एकाने विद्यार्थ्याला फोन करून मानधन मिळतंय का, ते विचारावं.