घानाला सेवा-शिक्षणासाठी जाताय? पिवळं कार्ड टेबलावरच तपासा

परदेशी विद्यापीठाचं सत्र आणि त्याला जोडून घानातल्या शाळेत किंवा दवाखान्यात सेवाकार्य, असा अभ्यासक्रम घेणारी आपली बरीच मुलं सुट्टीत तिथूनच थेट मुंबईला येतात. खोळंबा होतो तो पीतज्वराच्या लसीच्या पिवळ्या कार्डापाशी. घानात शिरतानाही ते लागतं, आणि तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात नि कार्ड वैध नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. घरचे बाहेर वाट बघत बसतात.

म्हणून एवढं करा:

१. लस निघण्याच्या महिनाभर आधी घ्या, तीही सरकारमान्य केंद्रातच. कार्ड लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

२. केंद्रातून उठण्याआधी कार्ड वाचा. नाव आणि क्रमांक पासपोर्टप्रमाणे, महिना अक्षरांत, लसीचा बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का. खाडाखोड दिसली तर लगेच नवं कार्ड मागून घ्या. खोडलेलं किंवा अर्धवट भरलेलं कार्ड अवैध ठरू शकतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

३. कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा, चेक-इन बॅगेत कधीच नको. फोटो घरच्यांनाही पाठवून ठेवा, पण काउंटरवर मूळ कार्डच दाखवावं लागतं.

अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. लस देता येत नसेल तर तसं वैद्यकीय प्रमाणपत्र घ्या. मात्र विलगीकरण त्यानेही टळेलच असं नाही.