पहिली कस्टम रायफल घडवताय? काडतूस निवडताना या चुका टाळा

डिसेंबर आला की अमेरिकेतली पोरं लग्नकार्यांसाठी पुण्यात उतरतात आणि त्यांतला एखादा तरी माझ्याकडे चहाला येतोच. "काका, कस्टम रायफल बनवून घेतोय. .३०० विन मॅग घेऊ की ६.५ पीआरसी?" बसायच्या आधी हा प्रश्न. प्राणी कोणता, किती अंतरावरून मारणार, आजवर किती राउंड झाडलेत, यातलं काहीच नाही. मी विचारलं की उत्तर येतं, "हरीणच हो, दुसरं काय!"

आधीच सांगून टाकतो, हे सगळं परदेशातल्या रीतसर परवान्यावरच्या शिकारीबद्दल आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा विषय मिटला, आणि मिटला तेच बरं झालं. खडकीत १८६९ पासून काडतुसं बनत असली, तरी तुमच्या-माझ्यासाठी पुण्यातली नेमबाजी म्हणजे बालेवाडीची रेंज आणि कागदी टार्गेट. मी बरीच वर्षं कोलोरॅडोत काढली, त्या भांडवलावर लिहितोय.

खांद्याला न झेपणारं काडतूस

ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आणि तिच्यावरच सर्वांत जास्त वाद घातले. मध्यम आकाराचा प्राणी म्हणजे व्हाइटटेल, म्यूल डियर ही अमेरिकी हरणं, काळविटासारखा प्राँगहॉर्न, रानडुक्कर. टेक्सासमध्ये तर आपलं चितळसुद्धा. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात पाहतो तेच चितळ १९३०च्या दशकात तिकडे नेऊन सोडलं आणि आज 'ॲक्सिस डियर' म्हणून त्याची शिकार होते. म्हणजे ढोबळमानाने चाळीस ते सव्वाशे किलोंचं जनावर. त्यासाठी मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं जोरदार काडतूस, लागत नाही. लागते ती एकच गोष्ट: चांगली गोळी त्याच्या छातीतल्या आठ-नऊ इंचांच्या जागेत बसणं. हरणाला काडतुसाचं नाव वाचता येत नाही.

डेन्वरला आमच्या ओळखीतला एक मुलगा होता, मूळचा सहकारनगरचा. आयटीतला, हुशार, पगार दणदणीत. त्याने .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये कस्टम रायफल बनवून घेतली. कार्बन फायबर गुंडाळलेली नळी, पिसासारखा हलका दस्ता, दुर्बिणीसकट जेमतेम सात पौंड. आता हिशोब बघा. सारख्या वजनाच्या रायफलीत .३०० विन मॅगचा धक्का ७एमएम-०८च्या जवळजवळ दुप्पट असतो. रायफल हलकी केली की तो आणखी वाढतो. पण हे त्याला कळायला वावच नव्हता, कारण रेंजवर तो रायफल एका वजनदार स्टँडमध्ये अडकवून झाडायचा. धक्का सगळा स्टँडने खाल्ला. दुर्बीण जुळली, टार्गेटवर तीन भोकं एकमेकांना चिकटली, त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर गेला.

हंगामात मी बरोबर होतो. उतारावर बसून, दीडशे यार्डांच्या आसपास, म्यूल डियरची मादी आमच्याकडे पूर्ण कूस करून उभी. याहून सोपी संधी मिळत नाही. गोळी लागली मागच्या मांडीत. अंधार पडेपर्यंत आम्ही रक्ताचे थेंब शोधत फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली तेव्हा कायोटींनी, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यांनी, तिला आधीच गाठलं होतं.

तो म्हणाला, दुर्बीण हलली असेल. मग रेंजवर नेलं, स्टँड काढून टाकला आणि त्याला न सांगता मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एक डमी काडतूस घातलं. डमीची पाळी आली, चाप ओढला, बार झालाच नाही. पण नळीचं तोंड दोन बोटं खाली गेलं आणि डोळे गच्च मिटले. दुर्बीण जागच्या जागी होती. धक्क्याची भीती शरीरात बसली की माणूस चाप दाबत नाही, हिसकतो, आणि त्याला ते स्वतःला कळत नाही.

माझा उपाय पुस्तकी नाही. ज्या काडतुसाची रायफल बनवायची, त्याच काडतुसाची रायफल कोणाकडून तरी उसनी घ्या. टेबल नको, स्टँड नको. बसून आणि गुडघ्यावर वीस राउंड झाडा. टार्गेटवर शेवटच्या पाच भोकांचा घोळका पहिल्या पाचांपेक्षा जास्त पसरला, तर ते काडतूस तुमचं नाही. "सवय होईल" हे मला सांगू नका. काडतूस महाग म्हणून ज्यांनी वर्षभरात एक डबा संपवला नाही, त्यांना कसली सवय होणार? सराव .२२ वर करा. स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्य आणलं ते .२२ च्याच रायफलीने, पन्नास मीटरवर, गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून. धीर शिकायला एवढीशी गोळी पुरते.

आणि जिम कॉर्बेट मराठी घरांत सगळ्यांनीच वाचलेला असतो, म्हणून सांगतो. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर १९०७ साली त्यांना भेट मिळाली ती .२७५ रिग्बी रायफल. तिचं काडतूस म्हणजे जर्मनांचं ७×५७ माउझर, इंग्रजी नाव लावलेलं. १९८० साली आलेलं ७एमएम-०८ रेमिंग्टन साधारण तेच काम त्याहून आखूड काडतुसात करतं. मला कोणी सरळच विचारलं, तर मी हेच सांगतो: ७एमएम-०८, बावीस इंच नळी, १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅमची गोळी. ऐकून पोरांचे चेहरे पडतात.

ॲक्शन आधी घेऊन ठेवणं

ॲक्शन म्हणजे रायफलीचा मधला भाग, ज्यात बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा, मागेपुढे सरकतो. सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून ती घ्यायची आणि काडतुसाचं नंतर बघायचं, हा उलटा कारभार आहे. सगळी रायफल काडतुसाभोवती उभी राहते. .२४३, .३०८, ७एमएम-०८, ६.५ क्रीडमूर ही सगळी शॉर्ट ॲक्शनची, पूर्ण लांबी ७२ मिलिमीटरच्या आत. .२७० आणि .३०-०६ ची लांबी ८५ पर्यंत जाते, त्यांना लाँग ॲक्शन लागते. मॅगझिन त्या मापाचं. बोल्टचं तोंडही काडतुसाच्या बुडाच्या मापाचं.

वरच्याच मुलाचं पुढे काय झालं बघा. त्याला रायफल ७एमएम-०८ करून हवी होती. त्याला वाटलं नळी बदलली की झालं. गनस्मिथने, म्हणजे बंदुकीच्या कारागिराने, हिशोब मांडला: मॅग्नमचं बूड साडेतेरा मिलिमीटरचं, ७एमएम-०८चं बारा. म्हणजे नवी नळी, नवा बोल्ट आणि लांब मॅगझिनमध्ये आखूड काडतुसं अडकू नयेत म्हणून आणखी खटपट. शेवटी त्याने ती रायफल नुकसानीत विकली आणि दुकानातली तयार .३०८ घेतली. पुढच्या हंगामात एका गोळीत हरीण पडलं. त्याचा फोटो मात्र ग्रुपवर आला नाही, साधी रायफल होती ना.

दुकानात न मिळणारं काडतूस

२०२० साली साथ आली आणि अमेरिकेतल्या दुकानांची फळकुटं रिकामी झाली. तेव्हा दुर्मीळ काडतुसांवर ऐट मारणारे लोक .३०८ वाल्यांकडे रायफल उसनी मागत होते. हंगामात ज्या गावी जाणार, तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात फोन करून विचारा काय मिळतं. .३०-०६ हे १९०६ पासून आहे आणि .३०८ हे १९५२ पासून. त्यामुळे ती सापडतात. नामिबियाला जाणाऱ्यांनी तर हे जास्तच मनावर घ्यावं. विमानात माणशी पाच किलोच काडतुसं चालतात आणि ती बॅग चुकली, तर तिकडचा दुकानदार तुमच्या फॅशनेबल काडतुसाकडे नुसता बघत राहील.

घरी दारू आणि गोळी भरून स्वतः काडतुसं बनवायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. पण पहिल्याच रायफलीला ती तयारी आहे असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

हजार यार्डांवर गोळी किती खाली येते त्याचे तक्ते पाठ करणं. मी पाहिलेली बहुतेक हरणं दोनशे यार्डांच्या आत पडली.

टार्गेटसाठीची पातळ सालीची गोळी शिकारीला वापरणं. काडतुसावर महिनाभर खल आणि गोळी स्वस्त म्हणून घेतलेली, हे मला कधीच समजलं नाही. आत शिरून फुलणारी, शिकारीसाठी बनवलेली गोळीच घ्या.

मॅग्नमला वीस इंची आखूड नळी लावणं. दारू नळीबाहेर जळते, कान बसतात आणि मॅग्नमचा वेग हातात येतच नाही.

कायदा न वाचणं. कोलोरॅडोत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीला .२४ इंचापेक्षा लहान व्यासाची नळी चालत नाही. नामिबियात कुडू-ओरिक्स या मोठ्या हरणांसाठी गोळीची ऊर्जा किमान २,७०० ज्यूल लागते; .२४३ साधारण २,६०० च्या आसपास अडकते. ओहायोत हरणासाठी बाटलीसारखं निमुळतं काडतूस चालतच नाही, सरळ भिंतीचंच हवं, .३५७ ते .५० इंच व्यासामधलं.

नळीचा पीळ न विचारणं. पीळ म्हणजे गोळीला फिरकी देणारे नळीच्या आतले वळणदार खाचे. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळीला जास्त पीळ लागतो. दहा इंचाला एक फेरा देणाऱ्या .२४३ मध्ये लांब तांब्याची गोळी भरली, तर ती आडवी होऊन कागद फाडते. नळी कस्टमच बनतेय, तर पीळ नळीची ऑर्डर देतानाच सांगा. ७एमएमला साडेआठ ते नऊ इंचाला एक फेरा पुरतो. नळी बनवणारा त्याचे वेगळे पैसे घेत नाही.