आयरिश पूर्वजांचे वय पडताळताना
आयर्लंडमधील पूर्वजांचा शोध घेताना थडग्यावर कोरलेल्या वयावर विसंबू नये. १९०१ आणि १९११ या दोन्ही जनगणनांमधील त्या घराची पत्रके शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन मिळू लागल्याने १९०१ मध्ये ५६ वर्षांची असलेली एखादी बाई १९११ मध्ये खुशाल ७१ वर्षांची झालेली दिसते, आणि ही दर वेळी लबाडीच असते असे नाही, कारण सर्वांची जन्मनोंदणी १८६४ मध्ये सुरू झाली आणि त्याआधी जन्मलेल्यांना अनेकदा आपले नेमके वय ठाऊक नसे. १९११ च्या पत्रकात विवाहितेच्या हयात मुलांची संख्या दिलेली असते; घरात त्याहून कमी मुले दिसली, तर राहिलेला मुलगा ब्रिटिश सैन्यातही शोधावा. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या बहुतांश सेवानोंदी १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या असल्या, तरी पदकांची नोंदपत्रे शाबूत आहेत.